पोटाखालची जमीन

दिवाळी आठ दिवसांवर आली की मराठी घरात जमिनीला एकाएकी महत्त्व येते. वर्षभर जिच्यावर आपण बिनदिक्कत चहा सांडतो ती फरशी घासली जाते, पलंगाखालचे कोपरे उजेडात येतात आणि उंबऱ्याबाहेर रांगोळी उमटते. भाऊबीज उलटली की पुन्हा तीच फरशी आणि तोच चहा. यात कोणाचे काही बिघडत नाही, कारण माणसाचे जमिनीशी नाते तसे वरवरचेच असते. पायात चपला, बसायला खुर्ची, निजायला पलंग. जमीन गुळगुळीत आहे की खरखरीत, हे आपल्याला घसरून पडेपर्यंत कळतसुद्धा नाही.

पण वाचकहो, ज्यांचे पोट जन्मभर जमिनीला लागलेले असते त्यांचे काय? त्यांना चपला नाहीत, गादी नाही. जमीन हाच त्यांचा रस्ता, तेच अंथरूण आणि पुष्कळदा तेच ताट. यंदा आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला. म्हणजे खरे तर चार पायांवर सरपटतच आला.

आमचे पारगाव आंबेगाव तालुक्यातले, भीमाशंकर साखर कारखान्याचे. जुन्नर तालुक्यात आळ्याकडे दुसरे पारगाव आहे. कागदोपत्री ते ‘तर्फे आळे’ आणि आम्ही ‘तर्फे अवसरी बुद्रुक’. परंतु पत्ता लिहिणाऱ्याने ‘तर्फे’ गाळले की आमची पार्सले तिकडे जातात आणि तिकडची इकडे येतात. चहूकडे ऊस, उसात बिबट्या, त्यामुळे रात्री आम्ही कुत्रेसुद्धा दारात बांधत नाही. अशा गावात आमच्या पुण्याच्या भाच्याचा एक दिवस फोन आला.

“मामा, दीड वर्षासाठी बंगळूरला बदली झालीय. तिथले घरमालक प्राणी ठेवू देत नाहीत. आमची यशवंती तुमच्याकडे राहील का?”

यशवंती म्हणजे मांजर, अशा समजुतीने आमच्या सौभाग्यवतींनी परस्पर होकार देऊन टाकला. पुढच्या गुरुवारी गाडीतून जी उतरली ती अडीच फूट लांबीची, हिरवीगार, पाठीवर कंगव्यासारखे काटे आणि गळ्याखाली लोंबती झालर असलेली इग्वाना! मूळ मुलूख मध्य आणि दक्षिण अमेरिका. दिसायला आपल्या घोरपडीची सावत्र बहीण, पण कूळ वेगळे आणि आहार अगदी सात्त्विक. पाला, फुले, फळे, बस्स. शाकाहारी आहे हे कळताच सौ.चा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा, तिने परड्यातली जास्वंदीची फुले एकामागून एक मटकावली तेव्हा गेला.

नाव अर्थातच भाच्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने ठेवलेले. शाळेत तानाजीची गोष्ट ऐकली, त्यातली घोरपड मनात भरली, आणि घरी आलेल्या या परदेशी पाहुणीचे ‘यशवंती’ असे बारसे झाले. पुढे पुण्याच्या पशुवैद्यांनी तपासून सांगितले की हा नर आहे. तेव्हापासून यशवंतीचा यशवंत झाला. त्याला त्याचे काही सुखदुःख नव्हते.

दुःख होते ते पोटात. पुण्यात त्याची काचेची पेटी होती आणि पेटीच्या तळाला दुकानदाराने आग्रहाने दिलेली रंगीत बारीक वाळू. दिसायला मोठी शोभिवंत! इग्वानाला एक सवय असते. नवी जागा, नवी वस्तू, नवे खाणे, सगळे ती आधी जिभेने चाचपून पाहते. ओला पाला वाळूत पडतो, वाळू पाल्याला चिकटते, आणि प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर पोटात जाते. असे दोन महिने चालले. मग खाणे कमी झाले, मग बंद झाले. भाच्याने वैद्यांकडे नेले. क्ष-किरणांच्या चित्रात आतड्याच्या जागी पांढरा स्वच्छ ढीग दिसला. वैद्य म्हणाले, ऊब द्या, रोज कोमट पाण्यात बसवा, पाणी पाजा. आठ दिवसांत वाळू उतरली तर ठीक, नाही तर पोट उघडावे लागेल. आणि एवढ्या जिवाचे पोट उघडणे सोपे नाही.

म्हणजे आमच्या दारी जो आला तो पाहुणा नव्हता, रोगी होता. आणि रोगाचे कारण जंतू नाही, विष नाही, तर जमीन!

पहिले आठ दिवस त्याला कोणती जमीन द्यायची हे वैद्यांनीच सांगून ठेवले होते: वर्तमानपत्र. संपादकांनी राग मानू नये, पण आजारी सरपटणाऱ्या प्राण्याला वर्तमानपत्रासारखे अंथरूण नाही. चार घड्या एकावर एक घातल्या की नख रुतते, सकाळी गुंडाळून टाकले की जागा स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे प्राण्याने काय केले, किती केले, त्यात काय निघाले हे पांढऱ्यावर काळे दिसते. आमच्या नातीने एक वहीच घातली. तारीख, वार, किती पाने खाल्ली, शी झाली की नाही, आणि शेवटच्या रकान्यात ‘वाळू’. पहिले पाच दिवस त्या रकान्यात ‘नाही’ हा एकच शब्द होता. कोमट पाण्याचे घमेले मात्र रोज ठरल्या वेळी निघायचे. “आम्हाला अभ्यंगस्नान वर्षातून एकदा, आणि याला रोज,” असे सौ. म्हणे, परंतु पाणी फार कढत नाही ना, हे कोपर बुडवून पाहायलाही तीच पुढे असे.

इकडे कायमच्या पिंजऱ्याचे काम सुरू झाले. सुतार ओळखीचे. सहा फूट उंच, चार फूट रुंद, तीन फूट खोल असे जाळीचे कपाट त्यांनी दोन दिवसांत उभे केले. तळाला पाऊण इंची प्लायवूड ठोकले आणि विचारले, “गुरुजी, खाली काय टाकायचं?”

या एका प्रश्नावर आमच्या ओसरीत जी सभा भरली तिचा वृत्तांत देण्याजोगा आहे, कारण त्यात निघालेली प्रत्येक सूचना आपल्यापैकी कोणीही केली असती.

पहिली सूचना सुतारांचीच. “भुसा टाका की दोन घमेली. कोंबड्यांच्या शेडात तूस टाकत्यात, त्यास्नी चालतंय, मग ह्येला का न्हाय चालणार?” आमच्या भागात कोंबड्यांची शेडे पुष्कळ, तेव्हा दाखला बिनतोड होता. पण कोंबडीला पेषणी असते, खडे गिळूनच ती दाणे दळते. इग्वानाला पेषणी नाही. भुसा पोटात गेला तर तो फुगतो, न गेला तर त्याची धूळ नाकात जाते, आणि पाणी सांडले की दोन दिवसांत त्याला बुरशी येते. शिवाय सुताराच्या भुशात कोणकोणते लाकूड असेल ते सांगता येत नाही. देवदारासारख्या सुवासिक लाकडाचा वास आपल्याला गोड, पण बंद पेटीत त्या तेलाची वाफ अशा प्राण्यांना बाधते. तुसाचेही तेच: हलके, धुळकट आणि घासाबरोबर तोंडात जाणारे.

दुसरी सूचना भाच्याची. तो हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताची गुंडाळी बरोबर घेऊनच आला होता. “मामा, अगदी जंगलासारखं दिसेल!” जंगलासारखे दिसेल, पण कोणाला? यशवंतला शोभेशी कर्तव्य नाही. त्याची बोटे लांब, नखे आकडीसारखी. गवताचा किंवा सतरंजीचा एखादा सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला की तो ओढत राहतो, धागा आवळत राहतो, रक्त थांबते, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत बोट वाळून गेलेले असते. घाण खाली झिरपते ती निराळीच.

तिसरी सूचना सौ.ची, आणि ती अध्यक्षीय थाटात आली. “पांढरी टाइल बसवा. स्वयंपाकघरातल्या चार उरल्यात. फडका मारला की झालं.” स्वच्छतेच्या दृष्टीने याला उत्तर नव्हते. उत्तर दिले ते यशवंतने. नातीने त्याला बैठकीच्या चकचकीत फरशीवर सोडले. चारही पाय पोहणाऱ्यासारखे बाजूला फाकले, नखे करकरली, आणि तो जागच्या जागी वल्ही मारत राहिला. मग तिने त्याला उचलून परसातल्या शहाबादी ओट्यावर ठेवले. क्षणभर थांबला, जीभ लावून पाहिली, आणि पोट उचलून असा चालू लागला की जणू हा ओटा त्याच्याच वडिलांचा!

“आजोबा, पाल तर काचेवरसुद्धा चढते. मग हा का घसरतो?” नातीने विचारले.

प्रश्न नेमका होता. पालीच्या बोटांखाली लाखो अतिसूक्ष्म केस असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते पृष्ठाला इतके जवळून भिडतात की दोन वस्तूंच्या रेणूंमधल्या ओढीवरच पाल छताला उलटी चिकटते. तिला नखाची गरज नाही, गुळगुळीत भिंत तिला चालते. घोरपड, इग्वाना, सरडा यांचे सगळे बळ नखात. नख रुतायला फट हवी, खड्डा हवा, खरखर हवी. १६७० साली कोंढाण्यावर घोरपडीला दोर बांधून चढल्याची कथा इतिहासकार मानत नाहीत, ते सोडा. पण ती कथा रचणाऱ्याला घोरपडीची जात चांगली ठाऊक होती, कारण त्याने तिला कातळावर चढवले. त्या कड्याला जर आजच्या फ्लॅटमधल्या टाइल्स बसवल्या असत्या, तर कथेतली यशवंती पायथ्यालाच राहिली असती.

सापाला तर नखेही नाहीत. त्याच्या पोटावरच्या पट्ट्या जमिनीच्या बारीकसारीक उंचवट्यांना अडतात, म्हणून तो पुढे जातो. २००९ साली अमेरिकेत डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुंगी दिलेले साप उतरत्या फळीवर ठेवून ही अडण मोजली. कापड लावलेल्या फळीवर साप पुढच्या दिशेने सहज सरकत, पण आडवे आणि मागे सरकायला अडत. गुळगुळीत फळीवर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. आणि फरक गेला की सापाची चालच गेली. आमच्याकडे उसाच्या फडातून चुकून घरात आलेला साप चकचकीत फरशीवर कसा जागच्या जागी वळवळतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तो भयंकर चवताळला आहे असे आपल्याला वाटते. तो बिचारा घसरत असतो.

इथे सभेत नातीने एक हरकत घेतली आणि ती मला फार आवडली. “म्हणजे वाळू वाईटच ना, आजोबा?”

नाही, वाळू वाईट नाही. ती यशवंतसाठी वाईट. तमिळनाडूत चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या लोकांची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. तिथे नाग, घोणस, मण्यार, फुरसे आणून काही आठवडे ठेवतात, सर्पदंशावरच्या लशीसाठी त्यांचे विष काढतात आणि मग त्यांना रानात सोडून देतात. ठेवतात कशात? मातीच्या मडक्यात. मडक्यात अर्धवट वाळू, तोंडाला सुती कापड. मडके झिरपते म्हणून आत गारवा, वाळू कोरडी राहते आणि अंगाला टेकू देते, अंधार असतो म्हणून साप शांत. सापाला तिथे पाला खायचा नसतो, तेव्हा वाळू पोटात जाण्याचा प्रश्न फारसा येत नाही. आपल्याकडे बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नागही पूर्वी मडक्यांतच ठेवीत. काच आणि रंगीत वाळू पुष्कळ नंतरची. मडके हा जुन्या लोकांचा सापाच्या पोटाचा अभ्यास.

तसेच मांडूळ. त्याचा जन्म भुसभुशीत मातीत डोके खुपसून जाण्यात जातो. त्याला वर्तमानपत्रावर ठेवले तर तो कागदाखाली शिरायला बघेल. झाडावरच्या इग्वानाला मातीत बसवले तर ती वर चढायला बघेल. तेव्हा ‘सरपटणाऱ्या प्राण्यांना कोणती जमीन चांगली?’ हा प्रश्नच चुकीचा. तो प्राणी आपल्या मुलखात कशावर चालतो, काय खातो आणि कुठे निजतो, हे विचारले की जमिनीचे उत्तर आपोआप मिळते.

सहाव्या दिवशी सकाळी नात ओरडतच आली. वहीच्या शेवटच्या रकान्यात ‘हो’ पडले होते! वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर यशवंतने लाल, निळ्या, पिवळ्या वाळूची छोटीशी रांगोळी काढली होती. पुढचे तीन दिवस ती रोज थोडी थोडी निघाली. दहाव्या दिवशी त्याने शेवग्याचा पाला स्वतःहून तोंडात घेतला. सौ.ने त्या दिवशी शिरा केला. तो अर्थात आम्ही खाल्ला.

आता कायमची जमीन. ज्यांच्या घरी असा प्राणी आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून कृती नीट सांगतो.

प्लायवूडचा तळ तसाच ठेवू नये. पाणी सांडते, मूत्र मुरते, लाकूड फुगते, आणि एकदा मुरलेला वास जात नाही. म्हणून वर खरखरीत पाठीची व्हिनिलची एकसंध चादर घातली. (ही चादर आधी दुसऱ्या पारगावाला जाऊन आली, हे सांगायला नकोच.) चादर तळापेक्षा चारही बाजूंनी तीन तीन इंच मोठी कापली आणि कडा भिंतींवर वर वळवल्या, परातीच्या काठासारख्या. त्यामुळे कोपऱ्यात सांध राहत नाही. वळवलेल्या कडा आणि लाकूड यांच्या फटीत सिलिकॉन भरले, तेही मत्स्यपेटीला वापरतात ते साधे. स्नानगृहासाठी मिळते त्यात बुरशीनाशक घातलेले असते, ते नको. सिलिकॉनला सुकताना शिरक्यासारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत सोडायचा नाही. आम्ही पाच दिवस दारे उघडी टाकून ठेवली.

चादरीवर एका बाजूला, दिव्याच्या खाली, मंचरहून आणलेली दीड फुटी शहाबादी बसवली. घासून चकचकीत केलेली घेतली नाही. खाणीतून निघते तशी ओबडधोबड पाठीचीच मागून घेतली. दुकानदाराला वाटले गुरुजींना पैसे वाचवायचे आहेत. तिच्यावर नखे रुततात, चालता चालता झिजतातही, आणि दिव्याची ऊब ती बराच वेळ धरून ठेवते. वीज जाणे आमच्याकडे नवे नाही. तेवढा वेळ तो दगडच त्याची शेगडी. दगड डुगडुगता कामा नये, नाही तर खाली बोट सापडते. बाकीच्या जागेवर वर्तमानपत्र, रोज बदलायचे. आणि तळापासून छतापर्यंत पेरूची जाड फांदी तिरकी, पक्की बांधलेली. कारण इग्वानाची खरी जमीन हीच. त्याचा दिवस फांदीवर जातो. खालची जमीन त्याला उतरायला, पाण्याला आणि कधी तोल गेला तर पडायला.

उबेविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या प्राण्यांचे रक्त स्वतःहून तापत नाही. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही, मग जमीन कितीही चांगली असो. आमच्याकडे कार्तिकानंतर रात्री चांगलाच गारठा पडतो. पण म्हणून पोटाखाली विजेचा गरम दगड किंवा उशी ठेवू नये. ऊन डोक्यावरून येते, हे त्याच्या शरीराला ठाऊक आहे. पोटाखालची आच त्याला वेळेवर समजत नाही आणि बसल्या जागी कातडी भाजते. दिवा वर, त्याला जाळीचे संरक्षण. एक कोपरा ऊन, दुसरा गार, आणि कुठे बसायचे ते त्याचे त्याने ठरवायचे.

आणि फिनेल! आपल्या घरात जमीन म्हटले की फिनेल आलेच. या प्राण्यांना ते विष आहे. गरम पाणी आणि साबण, मग स्वच्छ पाणी, मग कडक ऊन, एवढे पुरे. पिंजऱ्याला, प्राण्याला किंवा त्या वर्तमानपत्राला हात लावला की हात साबणाने धुवायचे, कारण त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांना काही होत नाही, आपल्याला जुलाब आणि ताप येतो. घरात लहान मूल असेल तर हा नियम दुप्पट. स्वयंपाकघराच्या मोरीत पिंजऱ्याची भांडी धुवायची नाहीत, हा ठराव सौ.ने एकमताने, म्हणजे स्वतःच्याच मताने, मंजूर केला.

आता कागदपत्रांचे. आपल्याकडचे कोणतेही साप, घोरपड, मांडूळ, चांदणी कासव यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते घरात पाळताच येत नाहीत, मग त्यांच्याखाली चंदनाची फळी घाला की सोन्याची. कासव घरात असले की लक्ष्मी येते, मांडूळ गुप्तधन दाखवते, अशा समजुतींपायी हे मुके जीव आजही बादलीत आणि गोणीत कुजतात. असे काही आढळले तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी प्राण्यांचे वेगळे. इग्वाना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटिस’ करारातल्या यादीत आहे. २०२२ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. प्राणी दुसऱ्याकडे गेला, त्याला पिल्ले झाली, तो मेला, सगळे कळवायचे. भाच्याने यशवंतची नोंद केलेली होती, म्हणून तर त्याला ओसरीत जागा मिळाली. ताबा बदलल्याचे कागद आम्ही दिवाळीआधीच भरून टाकले.

जाताना भाचा म्हणाला, “मामा, दीड वर्षाने नेतो त्याला.” मी त्याला एवढेच सांगितले की दीड वर्षाने हा कदाचित चार फुटांचा होईल, पुढे पाच-साडेपाच फुटांचा. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगेल, म्हणजे तुझ्या मुलीचे लग्न होईपर्यंत. तेव्हा बंगळूरहून परत आल्यावर घर बघशील, त्यात त्याची खोली धर. भाचा गप्प झाला. दुकानात त्याला कोणी हे सांगितले नव्हते. तिथे प्राणी तळहाताएवढा होता, आणि विक्रेत्याने वाळूचा रंग कोणता हवा एवढेच विचारले होते.

नातीने मात्र आपली वही सौ.च्या हाती दिली आणि बजावले, “आजी, तू रोज लिहायचं. विसरायचं नाही.” सौ. अजून लिहिते. कालच्या नोंदीत ‘जास्वंदीची फुले तीन, फांदीवर दिवसभर, प्रकृती उत्तम’ असे आहे. ‘वाळू’चा रकाना तिने तसाच ठेवला आहे, आणि त्यात रोज न चुकता ‘नाही’ लिहिते.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले या सुट्टीत असाच काही हट्ट धरतील. कोणाला कासव हवे असेल, कोणाला सरडा, कोणाला अजगर. आपल्या इथले असेल तर नाही म्हणा आणि का नाही तेही समजावून सांगा. परदेशी, कायदेशीर असेल तरी पिंजरा, दिवा, खाणे यांची चौकशी मागाहून करा. आधी मुलाला घेऊन खाली बसा आणि एकच विचारा: हा जन्मभर कशावर चालणार? त्याचे उत्तर आपल्या घरात नसेल, तर त्याला आणू नये. तो आपल्याजवळ तक्रार करणार नाही; खाणे तेवढे सोडून देईल.

पारगावकरांतर्फे, म्हणजे तर्फे अवसरी बुद्रुक, सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.